पावसाळ्यातील घरगुती नळकाम आणि सांडपाणी: कोकणपट्टीतील घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पुण्यात वर्षभरात पडणाऱ्या पावसाच्या हा सुमारे चौपट आहे. त्यामुळे घाटावरच्या घरात वर्षानुवर्षे लपून राहणारा दोष कोकणातल्या घरात आषाढ संपण्याआधीच भिंतीवर उमटतो. येथील उत्तरे प्रामुख्याने किनारपट्टीतील जांभ्याच्या, कौलारू आणि स्लॅबच्या घरांसाठी आहेत. मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांतील रहिवासी विचारतात ते काही प्रश्नही त्यात घेतले आहेत. "पाणी कुठून येते?" असे बहुतेक जण विचारतात. त्यावर आम्ही आधी "ते केव्हा येते?" असे विचारतो, आणि बऱ्याचदा निदान त्या उत्तरातच सापडते.

भिंतीवर ओल आली आहे. ती पावसाची की पाइपची, हे कसे ओळखावे?

ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तिच्याशेजारी तारीख व वेळ लिहावी. दोन-तीन दिवसांनी डाग पसरला असल्यास नव्या कडेने दुसरी रेघ ओढावी आणि त्या दिवसांत पाऊस किती होता, वारा कोणत्या बाजूचा होता, याचीही नोंद ठेवावी. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका पावसाळ्यात अशा सात रेघा झाल्या होत्या. पाच दिवसांची उघडीप पडली तेव्हाही डाग तसूभर मागे हटला नाही, यावरून हे पाणी पावसाचे नाही हे स्पष्ट झाले. भिंतीत गाडलेल्या जुन्या लोखंडी पाइपाला एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले होते.

उघडीप पडताच जो डाग सुकू लागतो तो पावसाचा, आणि ऊन-पाऊस न पाहता जो वाढतच जातो तो पाइपाचा, असे ढोबळमानाने धरावे. ओल फक्त पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीला आणि वाऱ्यासह झड आली तरच येत असेल, तर दोष बाहेरचा गिलावा, खिडकीची चौकट किंवा छज्जा यांत शोधावा. ओल सांडपाण्याच्या पाइपातून येत असेल तर ती घरातील वापराप्रमाणे कमी-जास्त होते; सकाळी अंघोळी आटोपल्या की ठिपकू लागते आणि दुपारी थांबते. जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंत सर्वत्र सारखी चढलेली आणि खार फुटलेली ओल मात्र पायातून वर येते. जांभा चिरा सच्छिद्र असल्याने तो पाणी सहज ओढून घेतो, आणि या दोषावर प्लंबरकडे उपाय नसतो.

आतून ओलरोधक रंग दिल्यास काम भागते का?

नाही. पाणी बाहेरून येत असताना आतून रंग दिल्यास ते भिंतीतच अडकते, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या रंगाचे पापुद्रे निघतात. पाणी जिथून शिरते ती बाजू आधी बंद करावी. रंगाचा विचार दिवाळीनंतर, भिंत पूर्ण सुकल्यावर करावा.

भिंत न फोडता पाइपाची गळती तपासता येते का?

बऱ्याच अंशी येते. रात्री झोपताना घरातील सर्व नळ बंद करावेत, टाकीत येणारे पाणीही बंद करावे आणि टाकीच्या आतील बाजूस पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. सकाळी कोणीही नळ उघडण्यापूर्वी पातळी पाहावी. ती उतरली असेल तर टाकीपासून नळापर्यंतच्या मार्गात कुठेतरी गळती आहे. दुसऱ्या रात्री टाकीखालचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद ठेवल्यास न्हाणीघराची लाइन दोषी की स्वयंपाकघराची, हेही कळते. मात्र शौचालयाच्या फ्लश टाकीचा वॉशर झिजला असेल तर पाणी आवाज न करता भांड्यात वाहत राहते आणि आपण उगाच भिंतीवर संशय घेतो. म्हणून आधी फ्लश टाकीत खाण्याचा थोडा रंग टाकून, पंधरा-वीस मिनिटे फ्लश न वापरता, तो भांड्यात उतरतो का हे पाहावे.

वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून आमच्या छतावर पाणी येते, पण वरचे शेजारी ते पावसाचे असल्याचे सांगतात. काय करावे?

प्रथम दोन्ही घरांच्या समक्ष चाचणी करावी. वरच्या न्हाणीघरातील नहाणी ट्रॅपचे, म्हणजे फरशीवरचे पाणी जिथून जाते त्या जाळीखालच्या भांड्याचे, तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर दीड-दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास उभे ठेवावे. खाली रंग उतरला, किंवा रंग न दिसताही ओल स्पष्टपणे वाढली, तर फरशीचे सांधे किंवा ट्रॅपभोवतीचा जोड दोषी आहे. काहीच फरक पडला नाही, तर बोळा काढून तेच पाणी एकदम सोडावे. आता ठिपकले तर दोष ट्रॅपच्या खालच्या पाइपात आहे. हे दोन टप्पे वेगवेगळे करणे महत्त्वाचे आहे, कारण पहिल्या दोषासाठी फरशी उखडावी लागते, तर दुसऱ्यासाठी पुष्कळदा खालच्या बाजूने जोड बदलून भागते.

खर्चाबाबत महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत स्पष्ट विभागणी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरील सामाईक नळवाहिनी व सांडपाणी-वाहिनी यांची गळती, तसेच गच्चीतून झिरपलेल्या पाण्यामुळे सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचे व गिलाव्याचे झालेले नुकसान यांची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायची असते. सदनिकेच्या आतील दुरुस्ती सदस्याची असते. म्हणून चाचणीची छायाचित्रे तारखेसह ठेवून संस्थेकडे लेखी अर्ज करावा. जिन्यात झालेल्या बोलण्याची नोंद कुठेही राहत नाही.

गच्चीवर पाणी तुंबते. वेगळा पाइप बसवावा का?

आधी हिशेब करावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हजार चौरस फुटांची, म्हणजे सुमारे 93 चौरस मीटरची गच्ची असेल आणि तासाला 100 मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असेल, तर मिनिटाला सुमारे 155 लिटर पाणी जमते. पंधरा लिटरच्या दहा बादल्या दर मिनिटाला कोणीतरी गच्चीवर ओतत आहे असे समजावे. अशा वेळी पाइपाच्या तोंडावर आंब्याची चार पाने आडवी पडली तरी पाणी तुंबते. म्हणून गच्चीला पाण्याची एकच वाट कधीही ठेवू नये; दोन तरी असाव्यात, आणि त्याशिवाय कठड्यात थोड्या उंचीवर एक सांडवा ठेवावा. पाइप तुंबल्यास सांडव्यातून बाहेर पडणारी धार अंगणातून दिसते आणि तीच इशारा ठरते.

तोंडावर सपाट जाळी बसवू नये, कारण पाने तिच्यावर चिकटून तिचे झाकण होते. घुमटाकार जाळी बसवल्यास पाने तळाशी साचतात आणि पाणी वरून आत जाते. पाइपाच्या सांध्यात उगवलेल्या पिंपळाकडेही वेळीच लक्ष द्यावे. आमच्या परिचयातील एका घराचा पावसाळी पाइप उतरवला तेव्हा आतून हातभर लांबीची मुळांची जुडी निघाली, आणि ती पाइपाच्या साच्यातून काढल्यासारखी हुबेहूब गोल होती. रोप बाहेरून मोडून उपयोग होत नाही, ते मुळासकट काढून सांधा नव्याने जोडावा लागतो.

कौलारू घराच्या पन्हळीतून पाणी मागे उलटून भिंतीत शिरते. असे का होते?

बहुधा पन्हळीचा उतार बिघडलेला असतो किंवा सर्वांत खालची कौले पन्हळीत पुरेशी पुढे आलेली नसतात. पन्हळ दहा फुटांत किमान एक इंच तरी उतरती असावी, आणि तिची बाहेरची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा थोडी खाली असावी, म्हणजे ती भरून वाहिली तरी पाणी अंगणात पडते, वळचणीच्या वाशांवर येत नाही. पत्र्याच्या पन्हळीचे आकडे गंजून वाकतात आणि मधोमध पोट सुटते. तिथे साचलेल्या मातीत गवत उगवलेले दिसले की दोष कुठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. हे काम आगोटीच्या आधी, कौले परतण्याच्या वेळीच उरकावे. भर पावसात शेवाळलेल्या कौलांवर कोणालाही चढवू नये.

पाऊस वाढला की शौचालयात गुडगुड आवाज येतो आणि पाणी सावकाश उतरते. पाइप तुंबला आहे का?

पाइप तुंबला असता तर त्रास बारा महिने झाला असता. फक्त पावसाळ्यातच होत असेल तर शोषखड्ड्याकडे, म्हणजे सेप्टिक टँकमधून येणारे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्याकडे, पाहावे. जमिनीतील पाण्याची पातळी वर आली की शोषखड्डा बाहेरूनच भरतो, सेप्टिक टँकमधील पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही, आणि शौचालयातून येणाऱ्या पाण्यापुढे अडकलेली हवा भांड्यातून बाहेर पडते. तोच हा आवाज. अशा वेळी सळई घालून किंवा आम्ल ओतून काहीही साधत नाही. उलट आम्लाने टाकीतील मैला कुजवणारे जिवाणू मरतात, आणि हे आम्ल ब्लीचिंग पावडरच्या संपर्कात आल्यास विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

तात्पुरता उपाय म्हणून न्हाणीघराचे व कपडे धुण्याचे पाणी सेप्टिक टँकऐवजी परसातील केळी-अळवाच्या बाजूला वळवावे, कारण घरातील सांडपाण्यात त्याचाच वाटा मोठा असतो. पागोळ्यांचे पाणी किंवा अंगणातील चर शोषखड्ड्याकडे उतरत असेल तर तोही ताबडतोब तोडावा. कायमच्या उपायासाठी शोषखड्डा उंच जागी हलवणे किंवा दुसरा खणणे, हे काम उन्हाळ्यातच करता येते. विहिरीपासून तो किमान 15 मीटर दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. जांभ्यातील भेगांतून पाणी वेगाने दूरवर जाते, त्यामुळे जागा असल्यास अंतर याहून जास्त ठेवणेच शहाणपणाचे आहे.

मग भर पावसात सेप्टिक टँक उपसून घ्यावा का?

शक्यतो घेऊ नये. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केल्यास बाहेरच्या पाण्याचा दाब तिच्यावर येतो. प्लास्टिकची किंवा फायबरची टाकी अक्षरशः होडीसारखी वर उचलली जाते आणि तिला जोडलेले पाइप तुटतात. बांधीव टाकीत बाहेरचे पाणी झिरपून ती पुन्हा भरते, म्हणजे खर्चही वाया जातो. दर दोन-तीन वर्षांनी, मार्च ते मेच्या दरम्यान टाकी उपसावी आणि त्यानंतर ती लगेच साध्या पाण्याने भरून ठेवावी. उपसा नगरपरिषदेच्या किंवा खासगी सक्शन गाडीनेच करून घ्यावा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू असतात आणि त्यांनी माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे "आमचा नेहमीचा माणूस उतरतो" हे उत्तर कोणाकडूनही ऐकून घेऊ नये.

न्हाणीघरात गटारीचा वास येतो, पण तुंबलेले काहीच नाही. कारण काय असावे?

नहाणी ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी नेहमी उभे राहते आणि ते गटारातील वायू अडवते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात हे पाणी उन्हाळ्यात सुकते; पावसाळ्यात बाहेरचे चेंबर भरले की त्यातील हवा याच मोकळ्या वाटेने घरात शिरते. तांब्याभर पाणी ओतून वास थांबला तर प्रश्न तेवढाच होता. वारंवार पाणी ओतूनही दुसऱ्या दिवशी वास येत असेल, तर ट्रॅपला तडा गेलेला असतो किंवा हवेचा पाइप बंद झाल्यामुळे शौचालयाचा फ्लश ट्रॅपमधील पाणी ओढून नेत असतो. हवेच्या पाइपाच्या टोकाशी कुंभारमाशी आणि पक्षी काय करून ठेवतात, हे एकदा शिडी लावून पाहण्यासारखे असते.

मुंबईत तळमजल्यावर राहतो. मुसळधार पावसात मोरीतून गटाराचे पाणी वर येते. ते अडवता येईल का?

मुंबईतील पर्जन्यवाहिन्यांची अनेक मुखे भरतीच्या पातळीखाली उघडतात. त्यामुळे मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आला की पाणी समुद्रात जात नाही आणि सखल भागात परत फिरते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पाण्यापुढे कोणताही घरगुती उपाय टिकत नाही. परंतु दरवर्षीच्या चार-सहा इंच पाण्यासाठी इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये किंवा घरातून बाहेर जाणाऱ्या लाइनवर एकदिशा व्हॉल्व्ह बसवता येतो. त्याची झडप घरातील पाणी बाहेर सोडते आणि बाहेरचे आत येऊ देत नाही. मात्र ती बंद असताना आपले सांडपाणीही अडते, म्हणून त्या काळात वरच्या मजल्यांवरच्यांनीही वापर आवरला नाही तर त्यांचेच पाणी तळमजल्याच्या मोरीतून वर येते. ही गोष्ट सोसायटीच्या सभेत मे महिन्यातच बोलून ठेवावी. झडपेखाली केस किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकला तर ती बंद होत नाही, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी ती पाहावी लागते. गच्चीचे पावसाळी पाइप मैलापाण्याच्या चेंबरला जोडलेले असतील तर तो दोष सर्वांत आधी काढावा. पाणी ओसरल्यावर सफाई करताना गमबूट व हातमोजे वापरावेत आणि पायाला जखम असल्यास त्या पाण्यात उतरूच नये, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जखमेतून शरीरात शिरतात.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येते. पिण्यास चालेल का?

तसेच मुळीच पिऊ नये. पाणीपुरवठा ठरावीक वेळीच होत असल्याने उरलेला वेळ वाहिनीत दाब नसतो. ती गटाराच्या कडेने किंवा गटारातूनच जात असेल आणि एखादा जोड सैल असेल, तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटार लावल्याने हे ओढणे कित्येक पटींनी वाढते, म्हणजे शेजाऱ्यापेक्षा दोन बादल्या जास्त मिळवण्यासाठी आपण गटारातले पाणीही ओढून घेतो. पुरवठा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे पाणी वाहू द्यावे. नंतरचे तुरटी फिरवून निवळावे, गाळावे आणि खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तसेच उकळू द्यावे. क्लोरिनच्या गोळ्या गढूळ पाण्यात नीट काम करत नाहीत, म्हणून आधी निवळणे आवश्यक आहे.

विहिरीत ब्लीचिंग पावडर किती आणि कशी टाकावी?

चांगल्या प्रतीची पावडर दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम या प्रमाणात लागते. गोल विहिरीतील पाण्यासाठी व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14 भागिले 4, असे गणित करावे. मापे मीटरमध्ये घेतल्यास उत्तर घनमीटरमध्ये येते आणि एक घनमीटर म्हणजे 1,000 लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे 28,000 लिटर होते आणि 70 ग्रॅम पावडर लागते. श्रावणात तेच पाणी सहा मीटरवर चढले की 106 ग्रॅम. पाणी चढले तरी जूनमधलेच माप वापरत राहणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

पावडर थेट विहिरीत फेकू नये. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात ती कालवावी, मग बादली पाऊण भरून दहा मिनिटे निवळू द्यावी आणि तळाचा चुना मागे ठेवून फक्त वरचे पाणी दुसऱ्या बादलीत घ्यावे. ती बादली दोराने विहिरीत खोल सोडून वर-खाली हलवावी. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. रात्री टाकून सकाळी वापरणे सर्वांत सोयीचे पडते. क्लोरिनचा अंश उरला आहे की नाही, हे ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीने पाहून सांगतो. पावडरची पिशवी उघडी राहिल्यास तिची शक्ती झपाट्याने कमी होते, म्हणून मागील वर्षीच्या उरलेल्या पावडरवर भरवसा ठेवू नये.

पाऊस सुरू झाल्यापासून पंप चालू होतो, पण पाणी चढत नाही. कधी शॉकही लागतो.

शॉकचा प्रश्न आधी. पंपाला किंवा नळालाही झिणझिण्या येत असतील तर मुख्य स्विच बंद करून वायरमनला बोलवावे आणि तोपर्यंत पंपाला हात लावू नये. पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा वीजगळती-रोधक स्विच आणि स्वतंत्र अर्थिंग असलेच पाहिजे. पाण्यात बुडालेला पंप वरून सुकलेला दिसला तरी वाइंडिंग तपासल्याशिवाय सुरू करू नये. पाणी न चढण्याची कारणे त्यामानाने साधी असतात: गाळ किंवा पाने अडकून फूट व्हॉल्व्ह (पाण्यात बुडालेल्या पाइपाच्या तळाची झडप) उघडा राहिल्याने पाइप रिकामा होतो, नाहीतर व्होल्टेज कमी असते, नाहीतर कपॅसिटर गेलेला असतो.

डासांसाठी नळकामात काही करता येते का?

येते. टाकीचे झाकण घट्ट बसवावे, तिच्या ओव्हरफ्लो पाइपाला व सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधावी, आणि साठवणीची भांडी आठवड्यातून एक दिवस कोरडी करावीत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा हा कोरडा दिवस चुकवू नये.

घर मे महिन्यात बंद करून आम्ही मुंबईला जातो आणि थेट गणपतीला उघडतो. जाताना काय करावे?

टाकीखालचा मुख्य व्हॉल्व्ह आणि पंपाचा स्विच बंद करावा, मग सर्वांत खालचा नळ उघडून पाइप रिकामे करावेत. प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे गोडेतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे आतील पाणी लवकर सुकत नाही. मोऱ्यांच्या बाहेरील तोंडांना जाळी लावावी, नाहीतर उंदीर आणि त्यामागून साप आत येतो. पन्हळी स्वतः हाताने साफ केल्याशिवाय निघू नये, आणि किल्ली शेजारच्या काकांकडे ठेवताना "आषाढात एकदा मोठा पाऊस झाला की आत येऊन फक्त छत बघा" एवढे आवर्जून सांगावे. परतल्यावर टाकी धुऊन, पहिले पाणी पूर्ण सोडून देऊन मगच वापर सुरू करावा.

भर पावसात बाहेरचा पाइप फुटला आणि प्लंबर येईना. तोपर्यंत काय करावे?

पीव्हीसीचे सोल्व्हंट सिमेंट ओल्या जोडावर धरत नाही, म्हणून पावसात जोड लावण्याचा खटाटोप करू नये. व्हॉल्व्ह बंद करावा, फुटलेली जागा पुसावी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, भेगेच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पुढे जाईपर्यंत गुंडाळावी. वरून बांधणीची तार पकडीने पिळून घट्ट करावी. व्हॉल्व्ह अर्धाच उघडावा, म्हणजे दाब कमी राहतो. अशी पट्टी आठ-पंधरा दिवस सहज टिकते. उघडीप मिळताच तेवढा तुकडा कापून नवा कपलर बसवून घ्यावा.